एका सकाळचं बनारस

मी शाळेत नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, भूगोलाच्या मास्तरांनी माझ्या डब्यातली करंजी न विचारता उचलली, कानाजवळ नेऊन हलवली, मोडली, खाल्ली आणि म्हणाले, "बरी आहे." मी संकोचून हसलो. मग त्यांनी दुसरी उचलली. ती संपल्यावर म्हणाले, "बरी आहे, पण बनारसात याला करंजी म्हणत नाहीत." काय म्हणतात, असं मी विचारलं. "काहीच म्हणत नाहीत. असलं तिथं कुणी करतच नाही." तोवर तिसरी त्यांच्या हातात होती, आणि डब्यात तीनच होत्या.

बाकीचे शिक्षक खाली मान घालून भाकरी आणि लसणाची चटणी खात होते. शाळेत गोडाचा पदार्थ आणायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

समोर त्यांना सगळे मास्तर म्हणत आणि माघारी बनारसी. बेळगावातल्या आमच्या त्या शाळेत नर्मदेपलीकडं जाऊन आलेला तो एकच माणूस होता. आमच्यातल्या बहुतेकांची धाव कोल्हापूर-मिरजेपर्यंत, फार तर परीक्षेला पुण्यापर्यंत. त्यामुळं बनारसबद्दल ते जे सांगतील ते ऐकून घेण्याशिवाय इलाज नव्हता. खोटं म्हणायला कुणाकडं पुरावा नव्हता आणि खरं आहे का ते बघायला कुणाकडं सुट्टी नव्हती.

उन्हाळा असो, हिवाळा असो, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. उजव्या खिशात खडू, डाव्या खिशात लवंगा. काही खायचं झालं की आधी ते चूळ भरत, डोळे मिटत आणि मग घास तोंडात टाकत. त्यांचे डोळे मिटलेले असेपर्यंत आजूबाजूच्यांनी बोलायचं नाही, असा रिवाजच पडला होता. निकाल दोन हप्त्यांत लागायचा. आधी "बरं आहे," आणि मग "पण". कुंदा म्हणजे त्यांच्या मते करपलेला खवा. आचाऱ्याला डुलकी लागली आणि गावानं त्याचं कौतुक केलं. गोकाकचा करदंट आणला तर म्हणायचे, डिंकच खायचा असेल तर झाडाला जाऊन चाटावा. निपाणीच्या बाजारातल्या भज्यांना तंबाखूचा वास येतो. बेळगावच्या म्हशी आळशी आहेत, त्यामुळं दुधाला साय धरते पण जीव धरत नाही. हे सगळं ते खाता खाता सांगत. पानात मात्र त्यांनी कधी कण टाकला नाही.

आणि मग बनारस सुरू व्हायचं. पहाटे कचोरी, सोबत भोपळ्याची भाजी, वर जिलबी. कचोरी पहाटेच खायची. दुपारची कचोरी म्हणजे उत्तरक्रिया. संध्याकाळी कढईच्या काठावरची रबडी, खरवडून. खव्याची लवंगलता, जिची घडी एका लवंगेनं टाचलेली असते. आणि हिवाळ्यात दवात ठेवलेल्या दुधाचा फेस, ज्याला मलइयो म्हणतात. तोंडात घातला की नाहीसा होतो आणि आपण खाल्लं की नुसतं आठवलं ते कळत नाही. हे मात्र ते छान सांगत. मी त्यांची टिंगल करायला बसलो आहे, पण त्या फेसाचं वर्णन ऐकताना माझ्याही तोंडाला पाणी सुटायचं.

भूगोल ते असाच शिकवत. एकदा तपासणीला शिक्षणखात्याचे दिपोटी आले. त्यांनी चौथ्या बाकावरच्या मुलाला उभं करून मथुरा कशासाठी प्रसिद्ध आहे म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, पेढे. आग्रा? पेठा. लखनौ? रेवडी. दिपोटींचा चेहरा आक्रसत चालला होता. त्यांनी कानपूर विचारलं. मुलगा छाती काढून म्हणाला, "कानपुरात गाडी बदलायची. खायला काही नाही." दिपोटींनी वहीत काय लिहिलं ते आम्हांला कळलं नाही, पण त्या वर्षी मास्तरांची बढती राहिली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मुलाचं उत्तर बरोबर होतं, एवढंच ते म्हणत राहिले.

पुढं माझं लग्न ठरलं. मुलगी खानापूरकडची, गुंजीजवळच्या एका गावातली. भाताची शेती असलेलं घर. तिचे मामा घरातले कर्ते होते. आडवेतिडवे, मोठ्या आवाजाचे आणि मनानं त्याहून मोठे. आमच्याकडं लग्नाला मांडे हवेतच. मामांनी त्यासाठी बेळगावातून खास बाया नेल्या होत्या. उलट्या घातलेल्या मडक्यावर त्या रुमालाएवढे पातळ मांडे भाजत होत्या आणि मामा स्वतः पंगतीत वाढत होते. मास्तरांच्या पानात मांडा पडला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडं धरला, पलीकडचा मांडव त्यातून दिसतो का ते पाहिलं आणि म्हणाले, "कागद उत्तम आहे. बनारसात अशा कागदात मिठाई बांधून देतात."

ओळीतले दोघे-तिघे हसले. मामांच्या हातातलं ताट तिथंच थांबलं. मला घाम फुटला, कारण मुंडावळ्या अजून माझ्या कपाळावर होत्या आणि मामांची समजूत पटेपर्यंत वरात हलणार नव्हती. मामा मास्तरांसमोर उकिडवे बसले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, बनारसात पोरी बी झ्याक मिळत असतील की. मग ह्या नवरदेवाला तिकडंच का न्हाई नेलासा?"

मास्तरांनी गंभीरपणे विचार केला आणि मुलींबद्दल आपल्याला माहिती नाही असं उत्तर दिलं. मग त्यांनी तो कागद खाल्ला. त्यानंतर आणखी आठ खाल्ले. मामांनी ते मोजले होते आणि पुढं कित्येक वर्षं माझ्या बायकोला ते ऐकवत असत: नऊ मांडे खाऊन गेला तुझा तो बनारसी.

इथवर मला मास्तर गमतीदारच वाटत होते. दवातल्या दुधाचा प्रयोग त्यांनी आमच्याकडं केला तेव्हाही मी हसलोच. बेळगावात धुकं एवढं पडतं की समोरून येणारी म्हैस शिंगं लागल्यावर कळते. मग इथंच का होऊ नये मलइयो, असं कुणीतरी त्यांना म्हणालं. त्यांनी पातेलंभर दूध कौलांवर नेऊन ठेवलं. सकाळी त्यात एक कावळा, दोन पानं आणि शेजाऱ्यांच्या मांजराची मिशी सापडली. फेस नव्हता. मास्तरांनी पातेलं खाली उतरवलं आणि म्हणाले, "धुकं भरपूर आहे. पण त्याला गंगा लागलेली नाही."

मग हलवाई आला. दुसऱ्या लढाईच्या आधी चार-पाच वर्षं. कॅम्पातल्या कुठल्याशा पलटणीबरोबर आचारी म्हणून तो आला होता. पलटण गेली आणि हा राहिला. सोबत बायको. तिथल्याच बाजाराच्या तोंडाला, कडुलिंबाखाली त्यानं गाडा लावला: सकाळी कचोरी, दिवसभर जिलबी. माणूस किडकिडीत, कमी बोलणारा आणि मूळचा थेट बनारसचा.

ही बातमी मीच मोठ्या उत्साहानं मास्तरांना दिली, हे कबूल करायला हवं. त्यांनी तास सोडला. आम्ही दोघे कॅम्पापर्यंत जवळजवळ धावत गेलो. मास्तरांनी हलवायाकडून पाणी मागून चूळ भरली, डोळे मिटले आणि जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. मला वाटलं, या माणसाची इतक्या वर्षांची उपासमार आज संपली.

"बरी आहे," मास्तर म्हणाले. "पण बनारसात अशी नसते."

हलवायानं हात जोडून, आपला जन्मच तिथला, बापाचं दुकानही तिथलंच आणि तिथं ती अशीच असते, असं सांगितलं. मास्तरांनी त्याच्याकडं, गृहपाठ न करून आलेल्या मुलाकडं बघावं तसं बघितलं.

"तू विसरलास," ते म्हणाले.

त्यानंतर रोज शाळा सुटली की मास्तर गाड्यावर. खोका उलटा घालून बसायचे आणि हलवायाला बनारस शिकवायचे. पाक घट्ट झाला, पाक पातळ झाला, कचोरीत हिंग बोलत नाही. हलवाई हो हो म्हणत तळत राहायचा. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण बाजाराला आलेली माणसं गाड्यापाशी थांबली की मास्तर त्यांनाही सांगायचे. एका बाजारच्या दिवशी शहापूरचे चार विणकर, लुगडी पोचवून मोकळे झालेले, हातात जिलबीचे द्रोण घेऊन उभे होते. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "खा, पण जिलबी समजून खाऊ नका. काहीतरी गोड आहे, असं समजून खा." त्यांतल्या एकानं द्रोण तसाच गाड्यावर ठेवला. बनारस पाहिलेला शिकला-सवरलेला माणूस सांगतो म्हटल्यावर तो विणकर काय बोलणार? हळूहळू लोक घेण्याआधी विचारू लागले की मास्तर आज काय म्हणाले. दिवाळीपर्यंत कढई निम्मी भरू लागली. हलवायाची बायको कॅम्पातल्या बंगल्यांवर मसाले कुटायला जाऊ लागली. मास्तर मात्र रोज येतच होते आणि रोज खातच होते.

एक दिवस मी चिडून त्यांच्या घरी गेलो. तोंडावर बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. मास्तर घरात नव्हते. कुठं होते ते सांगायला नको. त्यांच्या बायकोनं मला बसवलं. मी रागात होतोच, ते सगळं त्या बाईंपुढंच बोलून गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि देवघराच्या कोनाड्यातून एक मातीचं लहानसं भांडं आणून माझ्यापुढं ठेवलं. तळाशी तडा गेलेलं होतं. बनारसात दूध, रबडी असल्या भांड्यात देतात. हे तिथून आणलेलं, आणि आपण ते रोज पुसून ठेवतो, असं त्या म्हणाल्या.

मग बाईंनी सगळी हकीकत सांगितली. मास्तर एकोणीस वर्षांचे असताना वडील आणि काका यांच्याबरोबर काशीला गेले होते. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी वडिलांना पटकी झाली आणि ते गेले. काकांनी दिवस तिथंच करायचं ठरवलं. घाटाजवळच्या एका खोलीत तेरा दिवस, एकवेळचं आळणी अन्न. चौदाव्या दिवशी गाडी होती. त्या सकाळी काकांनी पोराला एका गाड्यावर नेलं आणि पोटभर कचोरी-जिलबी खायला घातली, रबडीचं हे भांडं हातात दिलं, आणि दोघं स्टेशनवर गेले.

"एवढंच," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, मग ती लवंगलता, ते बाकीचं? गाडीतल्या लोकांनी सांगितलेलं, बाई म्हणाल्या. आणि दवातला फेस? बाईंना हसू आवरेना. तो हिवाळ्यात मिळतो ना, म्हणाल्या. हे गेले होते वैशाखात.

घरी येताना मी एकटाच हसत होतो. पंचवीस वर्षांचं बनारस एका सकाळचं निघालं होतं. मला वाटलं, आता आपल्या हाती हत्यार आलं. दुसऱ्या दिवशी मी सरळ गाड्यावर गेलो आणि मास्तर यायच्या आत हलवायाला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्या मातीच्या भांड्याचंही सांगितलं, कारण तिकडं असली भांडी वापरून फोडून टाकतात हे तोच मला एकदा म्हणाला होता. तो हसेल अशी माझी खात्री होती. त्यानं झारा कढईच्या काठावर ठेवला.

"वो भूख का स्वाद था, बाबूजी," तो म्हणाला. "वो मैं कहाँ से तलूँ?"

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण तेवढ्यापुरतंच. कारण त्याची कढई निम्मीच होती, त्याची बायको परक्या घरी मसाले कुटत होती आणि मास्तर रस्ता ओलांडून येताना दिसत होते.

त्या थंडीत माझ्या बायकोचे मामा काशीला जाऊन आले. आल्यावर मी त्यांना पहिला प्रश्न जिलबीचा विचारला. मामा म्हणाले, "आपल्या कॅम्पातल्या हलवायाची हाय न्हवं, तसलीच. लई खाल्ली. काय बी फरक न्हाई." त्यावरून माझ्या डोक्यात एक बेत आला. मामा काशीहून आले आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं. हलवायानं लवंगलता करायची, ती दोन दिवस शिळी होऊ द्यायची, मामांनी आणलेल्या हिंदी वर्तमानपत्रात बांधायची, आणि मामांनी ती काशीची म्हणून मास्तरांना द्यायची. मामांच्या मनात ते नऊ मांडे होतेच. ते लगेच तयार झाले. हलवाई होत नव्हता. त्याला माणसाला फसवून खायला घालणं पटेना, आणि शिळं देणं तर त्याहून पटेना. मी गयावया केली, बायकोच्या मसाल्यांची आठवण दिली. अखेर तो एका अटीवर तयार झाला: गुरुजींना कुणी हसायचं नाही. मी मामांच्या वतीनंही वचन देऊन टाकलं.

मधल्या सुट्टीत मामा शाळेत आले. पुडकं मास्तरांपुढं ठेवून म्हणाले, "गुरुजी, काशीस्नं आलतो परवा. म्हटलं तुमच्याबिगर ह्याची पारख कोण करणार."

मास्तरांनी वर्तमानपत्रावरची हिंदी अक्षरं बोटानं चाचपली. चूळ भरून आले. वर टाचलेली लवंग काढून खिशात ठेवली, डोळे मिटले आणि घास घेतला. चावता चावता त्यांचा जबडा मंद झाला, आणि मी पाहिलं, मिटलेल्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं. "हे," ते म्हणाले. पुढं त्यांना "बरं" नाही की "पण" नाही, काहीच सुचेना.

ते तसंच राहू द्यायला हवं होतं. मामांना राहवलं नाही. "आवो गुरुजी," त्यांनी मांडीवर थाप मारली, "ह्ये तर कॅम्पातल्या हलवायाचंच हाय. परवाचं, शिळं." आणि ते खो खो हसले, आणि वचन दिलेल्या मला धरून सगळे शिक्षक हसले.

मास्तरांनी डोळे उघडले. तोंडातला घास त्यांनी सावकाश संपवला. उरलेला तुकडाही खाल्ला. हात धुऊन, धोतराच्या सोग्याला पुसून, बटणं नीट करून ते आमच्याकडं वळले.

"म्हणजे शिकला म्हणायचा," ते म्हणाले. "एवढे दिवस सांगतोय त्याला."

त्याच संध्याकाळी ते गाड्यावर गेले आणि भर बाजारात जाहीर केलं की या माणसाला आता बनारसचा हात बसला आहे. चार दिवसांत गाड्याभोवती रांग लागली. शहापूर-वडगावचे विणकर बाजार करून जाताना द्रोण बांधून नेऊ लागले. हलवायाची बायको पुन्हा गाड्यावर डाळ वाटायला बसली. मास्तर खोक्यावर बसून रांगेतल्या लोकांना, आपण याला कसा तयार केला ते सांगायचे, आणि हलवाई शेजारी मान खाली घालून तळायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, गुरुजी बरोबर बोलतात. माझ्याशी मात्र तो काही महिने नीट बोलला नाही. त्यानं घातलेली अट मी पाळली नव्हती.

लढाई आली आणि साखर गेली. रेशनच्या साखरेवर घरचा चहा भागत नाही तिथं जिलबीचं काय. हलवायानं गाडा कडुलिंबाला साखळीनं बांधला आणि बायकोला घेऊन लोंढ्याकडं, पलटणीच्या कुठल्याशा भटारखान्यात कामाला गेला. तो गेला आणि पंधरा दिवसांत मास्तरांचं बनारस बंद झालं. आता त्यांच्या "पण"च्या पुढं दुसरंच यायचं. कुणाच्या बारशाचा पेढा असो की हळदीकुंकवाची बर्फी, ते डोळे उघडून म्हणायचे, "बरं आहे, पण कॅम्पात एक हलवाई होता." बनारसातही तसं मिळत नसे, असं ते नव्या माणसांना सांगायचे. ज्याला त्यांनी धंद्यातून उठवत आणला होता तो हाच, हे सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलं असतं तर त्यांनी तेही आपल्याच शिकवण्यात जमा केलं असतं.

हलवाई परत आला तो देश स्वतंत्र व्हायच्या थोडा आधी. म्हातारा दिसू लागला होता. झेंडावंदनाच्या दिवशी मुलांना जिलबी द्यायची असं शाळेनं ठरवलं, साखरेचं परमिट काढलं आणि काम त्याला दिलं. आमच्या ऑगस्टला साजेसा पाऊस होता, म्हणून चूल व्हरांड्याच्या पत्र्याखाली मांडली. झेंडा चढला, गाणं झालं, ओली मुलं वर्गवार रांगेत उभी राहिली. मास्तर काळ्या कोटावर तिरंगी फीत टाचून कढईपाशी आले. त्यांना पेन्शनीला काही महिने उरले होते. पहिला घाणा निघाला. चूळ, डोळे, घास.

"बरी आहे," ते म्हणाले. "पण लढाईच्या आधी तू करायचास तशी नाही."

हलवायानं इतक्या वर्षांत मास्तरांना कधी उलट शब्द दिला नव्हता. आताही दिला नाही. तो चुलीपुढून उठला, पिठाचं भोकाचं फडकं त्यांच्या हातात दिलं आणि पाट सरकवला.

"आज तो सबका राज है, गुरुजी," तो म्हणाला. "बैठिए. आप तलिए."

मला वाटलं, मास्तर काहीतरी कारण काढून निघून जातील. ते बसले. कोटाच्या बाह्या मागं सारल्या आणि फडकं कढईवर धरलं. पहिल्या वेळी पिठाचा सगळा गोळाच तुपात पडला. दुसऱ्या वेळी धार आली, पण हात फिरेना; कढईत मराठी ना कन्नड अशी अक्षरं तरंगू लागली. मुलं हसू लागली तेव्हा हलवायानं मागं वळून फक्त त्यांच्याकडं पाहिलं आणि ती गप्प झाली. मास्तरांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, अंगठ्याला चटका बसला होता, हेडमास्तर घड्याळाकडं बघत होते. ते उठले नाहीत. चांगला एक घाणा त्यांनी तळला. हलवायानं तो पाकातून काढून पहिली जिलबी माझ्या हातावर ठेवली. बाहेरून काळी, आतून कच्ची, आणि मधोमध तुपाचा एक घोट. मी ती गिळली.

मास्तरांनी दुसरी घेतली. चूळ भरली नाही, डोळे मिटले नाहीत. सगळी खाल्ली. आम्ही निकालाची वाट बघत होतो. त्यांनी हलवायाला विचारलं, "किती वर्षं लागतात रे याला?"

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. हलवाई म्हणाला, बचपनपासून करतोय. मग अंगठ्याला लावायला त्यांच्या हातावर थोडं थंड पीठ ठेवत म्हणाला, "बाप के हाथ की आज तक नहीं बनी."

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. मग उठले आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पावसाकडं तोंड करून उभे राहिले. हलवाई पुन्हा चुलीपुढं बसला. रांग पुढं सरकली.

यावरून ते सुधारले असं कुणाला वाटलं तर ते खरं नाही. पुढच्याच आठवड्यात एक तरुण शिक्षक नव्यानं लागला. मास्तर त्याला शिक्षकांच्या खोलीत सांगत होते की जिलबी हा हाताचा खेळ आहे, बोलण्याचा नाही, आणि आपण स्वतः या शाळेत, स्वातंत्र्याच्या दिवशी, मुलांसाठी जिलबी तळली आहे. त्या तरुणाला ते खरं वाटेना. मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं. त्या बोटाशेजारचा अंगठा अजून लाल होता.

"यांना विचारा," ते म्हणाले. "पहिली यांनीच खाल्ली. कशी झाली होती, सांगा."

खोलीतले सगळे माझ्याकडं बघू लागले. मला खूप काही बोलता आलं असतं. नऊ मांडे होते, शहापूरच्या विणकरानं गाड्यावर ठेवून दिलेला द्रोण होता, माझ्या तीन करंज्या होत्या.

"खरं सांगू?" मी म्हणालो. "अशी जिलबी बनारसातसुद्धा मिळणार नाही."

मास्तरांनी गंभीरपणे मान हलवली, खिशातून खडू काढला आणि ते तासाला निघून गेले.